ग्रामसभेला माणसं यावीत म्हणून: भिंत रंगवावी की नकाशा अंथरावा?

वाड्यावरच्या मंडळाकडे थोडे पैसे आहेत, चित्रं काढणारी दोन-चार मुलं आहेत आणि ग्रामसभेला तीच ती वीस माणसं बघून तुमचा जीव तुटतोय. अशा वेळी दोन कल्पना हमखास पुढे येतात: पंचायतघराजवळची भिंत रंगवायची, नाहीतर गावाचा मोठा नकाशा करून लोकांपुढे ठेवायचा. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही दोन्ही केलं.

भिंतीचं काम देखणं होतं. मुलं चार दिवस रंगात बुडाली, पंचायतीची पायरी कधी न चढलेली माणसंही थांबून बघत होती. पण चित्र पुरं झाल्यावर कोणाकडे बोलायला काही उरलं नाही. ‘बरं झालंय’ म्हणत लोक पुढे गेले. त्यात गोव्याचा पाऊस. जांभ्याच्या भिंतीला ओल धरली आणि दुसऱ्या पावसाळ्यात चित्रावर शेवाळ चढलं.

नकाशा मात्र मुद्दाम अर्धवट ठेवला. सर्व्हे प्लॅन (जमीन मोजणीचा सरकारी नकाशा) मोठा करून जाड कागदावर छापला (फ्लेक्सवर पेन्सिल उठत नाही) आणि भजन संपायच्या वेळेला देवळाच्या अग्रशाळेत (देवळाला लागून असलेल्या इमारतीत) अंथरला. बाजूला टिकल्यांची पाकिटं ठेवली. अडचण तिथे लाल, राखायचं तिथे हिरवी. सर्व्हे नंबरांवरून कोणालाच काही उमगेना. मग वड, तळी, देवराय, शाळा अशा खुणा काढल्या, तेव्हा माणसं गुडघे टेकून बसली. एका आजीने निळ्या रेघेवर बोट ठेवलं: “व्हाळ हांगा न्हय रे, पलतडी!” (ओहोळ इथे नाही रे, पलीकडे!) भराव पडल्यावर ओहोळ कुठे वळला, ते तिने पेन्सिलीने स्वतः काढून दाखवलं. पुढच्या ग्रामसभेला ती दोन सुनांना घेऊन आली आणि उभी राहून बोलली.

चित्रं आणि नकाशांतून लोकांचं मत घेणं गोव्याला नवीन नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळं राहण्यासाठी दोन पानं होती. अक्षरओळख नसलेल्यालाही त्यामुळे आपलं मत देता आलं. पुढे लोकांच्या आंदोलनामुळे २०११ सालापर्यंत कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा प्रादेशिक आराखडा २००७ मध्येच रद्द झाला आणि २०२१ च्या आराखड्याच्या वेळी गावोगावचे नकाशे सूचनांसाठी लोकांपुढे आले. आता गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातल्या कलम ३९अ खाली एखाद्या जमिनीचा झोन (शेती, वस्ती असा ठरलेला वापर) बदलायचा असेल, तर हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. नोटिशीतला सर्व्हे नंबर गावातली नेमकी कुठली जागा, हे शोधण्यातच त्यातले कितीतरी निघून जातात. गावाचा नकाशा हाताशी असला की ते पाच मिनिटांत कळतं.

म्हणून माझं मत नकाशाच्या बाजूने आहे. ओल्या-सुक्या कचऱ्याचे वार किंवा ग्रामसभेची तारीख, असं जे आधीच ठरलंय ते सांगायला भिंत चांगली. शिगम्याचा चित्ररथ एवढ्याच कामासाठी करू नका, खर्च फार आणि एका रात्रीत संपतो.

नकाशाचा एक धोका आहे. भाटकार-मुंडकारांचे (जमीनमालक आणि त्यांच्या जमिनीवर घर करून राहणारी कुळं यांचे) जुने वाद त्यावर उफाळून येतात. मालकीच्या हद्दी आम्ही पुसूनच टाकल्या, तुम्हीही तेच करा. टिकल्या त्याच रात्री मोजा, फोटो काढा आणि यादी लेखी पंचायत सचिवांकडे देऊन पोच घ्या. ग्रामसभेत नकाशा त्यांच्या टेबलामागे टांगा आणि प्रत्येक लाल टिकलीची नोंद इतिवृत्तात होईपर्यंत जागचे हलू नका.