स्वस्तातले इंपोर्टेड टायर घेणाऱ्या नाशिककर सायकलवाल्यांनो, आधी हे वाचा

सायकलच्या नकली टायरांवर माझे 11,000 रुपये गेले. पुढचा टायर 4,650, मागचा 4,150, सीलंटच्या (टायरच्या आत घालायचं, भोकं बुजवणारं द्रव) दोन बाटल्या 900, व्हॉल्व्हची जोडी 450, रिम टेप 350 आणि बसवणावळ 500. त्यावर त्या टायरने पाडलं म्हणून दवाखान्याचे 2,740 आणि वाकलेली पुढची रिम बदलायचे 3,900. एकूण 17,640. आकडे पैन् पै लिहितोय, कारण ज्याला सांगावं तो म्हणतो, "जाऊ द्या, थोडक्यात निभावलं." थोडक्यात कसलं निभावलं? माझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

विकणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, वकिलाने मनाई केलीय. टायरवर ज्या कंपनीचं नाव होतं तेही लिहीत नाही. तिचा यात काडीचा संबंध नाही, तिच्या नावाची नक्कल झालीय.

प्रकार तुम्हाला माहीत आहेच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, डीलरचा जुना स्टॉक, शेवटचे चार नग, दुसरं गिऱ्हाईक विचारतंय, वगैरे. ते पुन्हा सांगत बसत नाही. असले मेसेज मी रोज उडवतो. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी 2015 मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून नाशकात सायकलीचं वेड चांगलंच वाढलंय, आणि जिथे वेड तिथे असले दलाल आलेच. हा माणूस मात्र वेगळा निघाला. त्याला टायरमधलं खरोखर कळत होतं. हे नीट वाचा, कारण तुम्हीही इथेच अडकणार.

पावसाळ्याच्या तोंडावर मी ग्रुपवर विचारलं होतं: गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडे काळी माती, अंजनेरीकडे मुरूम आणि ओला कातळ, आणि तिथवर जायला त्र्यंबक रस्त्याचं डांबर, या सगळ्यावर धरेल आणि दोन पावसाळे टिकेल असा एमटीबीचा, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलचा, टायर कोणता? बाकीच्यांनी अंगठे दाखवले. याचा थेट फोन आला.

म्हणाला, "दादा, पुढे-मागे एकच टायर लावू नका. वळण आणि ब्रेक पुढच्या चाकावर असतं, तिथे मऊ रबर घ्या, कडेची बटणं (टायरवरचे रबरी उंचवटे) मोठी घ्या. मागचं चाक झिजतं आणि ओढतं, तिथे कडक रबर आणि मध्ये बुटकी बटणं." काळ्या मातीसाठी बटणं विरळ हवीत, दाट असली तर चिखल मध्ये बसतो आणि टायर गुळगुळीत होतो, हेही त्यानेच सांगितलं. ओल्या कातळावर बटणाची उंची कामाची नाही, रबर किती मऊ आहे ते कामाचं. ट्यूब असेल तर हवा कमी ठेवता येत नाही, दगडावर आपटलं की रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते, म्हणून ट्यूबलेस करा. मी नंतर हे सगळं पडताळून पाहिलं. एक शब्द चुकीचा नाही. माहिती शंभर नंबरी आणि माल बोगस, अशा माणसाला ओळखायचं कसं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पंचवटीच्या बाजूला एका गाळ्यात त्याचं दुकान होतं. म्हणजे दुकान म्हणायचं इतकंच. काउंटरवर त्याने टायर दाखवला, तो अस्सल होता. मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण माझा धंदा ठिबक आणि पाइप फिटिंगचा आहे. वॉशर, गॅस्केट, रबरी रिंगा यात माझी हयात गेली. नख दाबलं की मऊ रबरात खूण उमटते आणि सावकाश भरून येते. तशीच आली. त्याने तोच टायर घडी करून हातात दिला. चांगल्या टायरच्या बीडमध्ये, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या कडेत, तारेऐवजी मजबूत धागा असतो, म्हणून तो कापडासारखा दुमडतो. सगळं बरोबर. मी तिथेच 3,000 टोकन दिले.

पैसे यूपीआयने देताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. मी थांबलो. तो म्हणाला, "आईच्या खात्यावर घेतो दादा, माझ्याला लिमिट लागलंय." नाशकात निम्मी भाजी असल्याच खात्यांवर विकली जाते, मी काय त्याची वंशावळ मागायची?

आता तो दिवस, ज्याचा विचार केला की अजून कानशिलं तापतात. संध्याकाळी सातला टायर घ्यायला गेलो. गाळ्यात एकच पिवळा बल्ब. दोन्ही टायर घडी करून खोक्यात नव्हते. गोल होते, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेले. मी विचारलं, "हे दुमडलेले का नाहीत?" तो म्हणाला, "दादा, तुमच्यासाठी कालच उघडून ठेवले, गोल राहिले की रिमवर लवकर बसतात." हेही पटण्यासारखं आहे. घडीचा टायर आधी मोकळा ठेवला तर बसवायला सोपा जातो, कोणालाही विचारा. मग टायर जरा बारीक वाटला. "हवा भरल्यावर एक-दोन दिवसांत फुगतो." हेसुद्धा थोडंफार खरं असतं! त्याचं प्रत्येक खोटं अर्ध्या खऱ्यावर उभं होतं.

आणि त्याच टायरच्या बाजूला, माझ्या डोळ्यांसमोर, अक्षरं उठलेली होती: 29×2.35, आणि शेजारी 54-622.

सायकलच्या टायरवर इंचांचं माप असतं आणि मिलिमीटरचंही असतं. 622 हा रिमवर बीड बसते तिथला व्यास, 29 इंची चाकाला तो बरोबर. (26 इंचीला 559, 27.5 ला 584.) पहिला आकडा टायरची रुंदी. 2.35 ला 25.4 ने गुणा, 59.69 येतात. म्हणजे तिथे 60-622 हवं होतं. 54 म्हणजे 2.1 इंची टायर. कोणीतरी दुसऱ्याच बारीक टायरचा साचा घेऊन त्यावर 2.35 खोदलं होतं आणि मिलिमीटर बदलायला विसरलं होतं. इंच-मिलिमीटरचा हा गुणाकार मी दिवसातून दहादा करतो. शेतकरी दोन इंची मागतो, मी त्याला 63 मिलिमीटरचा पाइप देतो. तो आकडा मी वाचला. वाचला, आणि बॅच नंबर असेल असं समजून पुढे गेलो, कारण तो माणूस तेवढ्यात सीलंट किती मिली घालायचं ते समजावून सांगत होता. जादूगार एका हाताने रुमाल हलवतो तसं.

उरलेले 5,000 यूपीआयने आणि 3,000 रोख. रोख त्याने मागितले, "बसवणारा पोरगा रोखीतच घेतो."

बिलाचं म्हणाल तर बिल घेतलं होतं, उगाच मला शिकवू नका. शिक्का होता, जीएसटी नंबर होता. नंतर मोजला तर 14 अक्षरं. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानदाराचं नाव समोर येतं, फुकट. पण दुकानात उभं राहून अक्षरं कोण मोजतं? आता मी मोजतो. वाण्याकडेसुद्धा.

बसवल्यापासून हवा रोज उतरायची. "सीलंट पसरू द्या." बाभळीचा काटा लागला, तर चांगलं सीलंट असली भोकं आपोआप बुजवतं, याचं पाणी नुसतं पिचकारीसारखं उडालं. "थोडं वाढवू." मग अंजनेरीहून उतरताना, पाऊस नुकताच थांबलेला, डाव्या वळणाला पुढच्या टायरची कडेची बटणं ओळीने उपटून निघाली. झिजली नाहीत, मुळापासून उपटली. पाठोपाठ बीड रिममधून बाहेर आली आणि मी खांद्यावर कातळावर. हेल्मेट होतं म्हणून हे टाइप करतोय.

घरी आल्यावर त्या टायरला दुकानातलं चुंबक लावलं. चपकन चिकटलं. आत लोखंडी तार. "घडीचा, ट्यूबलेस-रेडी" टायर! वजन केलं तर 1,240 ग्रॅम. कंपनीच्या पानावर त्या मॉडेलचं 900 च्या आत दिलंय. तेव्हा टायर घ्यायला जाताना खिशात चुंबक ठेवा आणि दुकानदाराच्या काट्यावर टायर टाका. काटा नाही म्हणाला तर शेजारच्या किराणावाल्याकडे जा. लाज बाळगू नका. नमुना हातात दिलाय तोच नग घ्या, "आतून नवीन आणतो" म्हणाला की उठा. बाहेरच्या देशातून आलेल्या पॅकबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं असावं लागतं, तसा नियम आहे. माझ्या टायरवर नुसती किमतीची चिठ्ठी होती.

आता पुढचं ऐका, कारण त्या भामट्यापेक्षा याचा संताप जास्त आहे.

चौकीत गेलो. हवालदारसाहेबांनी माझा गळ्यात अडकवलेला हात पाहिला आणि पहिलं वाक्य, "काका, या वयात कशाला उड्या मारायच्या?" मी टायर टेबलावर ठेवला, 54 आणि 60 चा हिशोब मांडला. ते म्हणाले, टायर खराब निघाला तर ग्राहक मंचात जा, इथे फौजदारी काय आहे? मी म्हटलं नकली माल, नकली जीएसटी नंबर, ही फसवणूक नाही का? मग म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः दुकानात गेलात, माल घेतला, स्वतःच्या हाताने पिन टाकला, हे सायबरमध्ये कसं बसेल, तुमच्या ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर गाळा आमच्या हद्दीत नाही. ज्या हद्दीत आहे तिथे गेलो तर साहेब बंदोबस्ताला. नंतर आलो तर तेच साहेब म्हणाले, तुम्ही राहता तिथे तक्रार करा. बँकेने दोन ओळींची मेल पाठवली: व्यवहार आपल्या संमतीने झालेला आहे. संमतीने! ज्याला ज्याला म्हणून लुटतात त्याने पिन स्वतःच टाकलेला असतो, मग बँकेच्या हिशोबाने या देशात कोणी फसतच नाही म्हणायचं. आणि एका शहाण्या अधिकाऱ्याने तर विचारलं की 11,000 ची फिर्याद घ्यायची तर पुरावा 8,000 चाच का? बाकीचे 3,000 रोख दिले त्याची पावती? ज्याने खोटं बिल दिलं त्याच्याकडून खऱ्या पावतीची अपेक्षा!

गाळ्याला तोवर कुलूप. शेजारच्या टपरीवाल्याने सांगितलं, भाडंसुद्धा बुडवून गेला.

वकील भेटल्यावर कळलं की हद्दीचं कारण चालत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. नोंदवून घेतली नाही तर लेखी तक्रार टपालाने वरिष्ठांना पाठवता येते, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी. जुनं चारसोबीस आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 झालंय. हे मला चौकीतल्या एकानेही सांगितलं नाही. म्हणून तोंडी बोलू नका. कागद द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, शिक्का देत नसतील तर पोचपावतीने टपालात टाका.

पैसे गेल्याचं लगेच कळलं तर 1930 या सायबर हेल्पलाइनला तिथल्या तिथे फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी अडवण्यासाठीच तो नंबर आहे. मला कळलं तेव्हा ती वेळ कधीच टळून गेली होती. ग्राहक हेल्पलाइन 1915. आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. मी केलीय. त्यासाठी फाटका टायर, उपटलेली बटणं, चॅट, एक्स-रे, सगळं पोत्यात बांधून ठेवलंय. घरचे टाकून द्या म्हणतात. टायर अजिबात टाकायचा नाही, आणि पंक्चरवाल्याकडे तर सोडायचाच नाही.

ट्यूबलेस नवीन बसवलं तर पहिल्या काही फेऱ्या सपाटीवरच मारा. सरळ डोंगरात नेऊ नका.

नवे टायर अधिकृत विक्रेत्याकडून घेतले, जोडीचे 13,200. पुढे मऊ, मागे कडक, विरळ बटणं. निवड त्या भामट्याने सांगितली तीच. ओल्या कातळावर धरतात, हे मान्य करताना दात-ओठ खावे लागतात.

परवा एका दुसऱ्या ग्रुपवर नव्या नंबरवरून मेसेज फिरतोय: इंपोर्टेड हेल्मेट, निम्म्या किमतीत, शेवटचे सहा नग. व्हॉइस नोट ऐकली, आवाज तोच. टायर फाटला तर खांद्यावर निभावतं, हेल्मेट बोगस निघालं तर काय होईल ते तुम्हीच बघा. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तर डिलीट करू नका. नंबर आणि क्यूआर कोड दोन्ही दिसतील असा स्क्रीनशॉट काढून मला पाठवा, पुढच्या तारखेला आयोगापुढे जोडायचाय.