शिवणकामासाठी वेगळी खोली की खिडकीजवळचा कोपरा?

घराचं नूतनीकरण झालं, सामान लागलं, की प्रश्न उरतो मशीन कुठे ठेवायची. मी दोन्हीकडे शिवून पाहिलंय.

वेगळ्या खोलीचं खरं सुख म्हणजे अर्धवट काम तसंच सोडता येतं. बाहीला टाचण्या लावलेल्या, खडूच्या खुणा ताज्या, दार लोटलं की झालं. दुसऱ्या दिवशी थेट सुईखालीच. शिवाय कापायला मोठं टेबल मावतं. ४४ इंच पन्ह्याचं कापड उलगडून पसरायचं तर जागा हवीच, आणि ते टेबल साधारण ९० सेंमी उंच असेल तर कंबर वाचते. मशीनचं टेबल मात्र ७०-७५ सेंमीच बरं, नाहीतर खांदे भरून येतात.

कोपऱ्याला उजेड असतो, माणसं असतात. डाव्या बाजूने खिडकीचा प्रकाश आला की उजव्या हाताची सावली शिलाईवर पडत नाही. काळ्या कापडावर काळा दोरा चालवताना याची किंमत कळते. पण रोज सगळं आवरावं लागतं आणि हरवलेली टाचणी कुणाच्या तरी पायात जायची भीती. घरात रांगतं मूल असेल तर हा धोका मला मोठाच वाटतो.

कधीमधी फॉल-पिको किंवा उसवलेलं शिवणाऱ्यांना कोपरा पुरतो. नेमाने कपडे बेतणाऱ्यांनी मात्र खोलीच घ्यावी, लहान का असेना. फक्त रंगकामाआधी मशीन आणि इस्त्रीसाठी वेगवेगळे प्लगपॉइंट काढून घ्या. मागाहून भिंत फोडणं जिवावर येतं.