फार्मा कंपनीकडून गोळ्या घ्यायच्या का सीएसआरचा पैसा?

नागपुरात छोटी संस्था चालवता आणि फार्मा कंपनीवाले म्हणतात औषधं फुकट देतो, नाहीतर सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने समाजकामासाठी द्यायच्या पैशातून, प्रोजेक्ट करू, तर काय घ्यायचं? मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या हिशोबाने सांगतो, विदर्भात त्याचे पेशंट काही कमी नाहीत.

फुकट गोळ्यांचा फायदा म्हणजे लवकर मिळतात, कागदपत्रं फार नाहीत, बॅनर लावला फोटो काढला झालं. पण खोक्यावरची एक्स्पायरी आधी बघा. डब्ल्यूएचओ म्हणते दानाचं औषध पोचल्यावर किमान 1 वर्ष बाकी पाहिजे, आणि इथे तर मे महिन्यात पारा 45 वर जातो, पत्र्याच्या खोलीत ठेवाल तर त्या गोळ्यांचं काय होणार बाप्पा! शिवाय सिकलसेलवाल्याला हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज लागते, वर्षानुवर्षं, मधेमधे सीबीसी ही रक्ततपासणी करत. खोका संपला की त्या पोराने काय करायचं?

गोळ्यांचं दान वाईटच असंही नाही हां. हत्तीपायाला वर्षातून एकदा डोस द्यायचा असतो, 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधांचा एकत्र डोस दिला तसा, तिथे हे चालतं. त्यातलंच आयव्हरमेक्टिन मर्क कंपनी रिव्हर ब्लाइंडनेस या जंतांमुळे आंधळं करणाऱ्या आजारासाठी 1987 पासून फुकट देते, पण ते लागेल तोवर देऊ असं कबूल करून, उरलेला स्टॉक खपवायला नाही.

सीएसआरचा पैसा मिळायला डोकं खातो. 12ए आणि 80जी ही इन्कम टॅक्सची संस्थेची नोंदणी, सरकारकडे भरायचा सीएसआर-1 फॉर्म आणि 3 वर्षांचं काम दाखवा. पण नफा वगैरेच्या मर्यादेत बसणाऱ्या कंपनीला मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के कायद्यानेच खर्च करायचे असतात, म्हणजे ते काही उपकार करत नाहीत, तुम्ही बिनधास्त मागा. ऑनगोइंग, म्हणजे अनेक वर्षं चालणारा, प्रोजेक्ट म्हणून घेतलं तर सुरू झालं ते वर्ष सोडून अजून 3 वर्षं चालू शकतं, त्यात काउन्सेलरचा पगार, तपासण्या सगळं बसवता येतं आणि औषध नागपुरातल्या गंजीपेठेच्या औषध बाजारातून जेनेरिक घेता येतं. कोणी म्हणालं पगाराला 5 टक्केच, तर ऐकू नका, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या ऑफिसखर्चाला आहे.

रोजच्या औषधाचा आजार असेल तर माझं मत पैशाला, वाट बघावी लागली तरी. गोळ्याच देतो म्हणाले तर किती महिने देणार आणि एक्स्पायरी किती असणार हे पत्रावर लिहून घ्या, मगच खोका उतरवा.