कॅनडाचे वणवे: उपग्रहाचा हिशेब की सरकारी वही?

2023 साली कॅनडात सुमारे 1.5 कोटी हेक्टर जंगल जळलं. उपग्रहांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज सांगतो, की त्यातून जवळपास 65 कोटी टन कार्बन हवेत गेला, म्हणजे सुमारे 240 कोटी टन कार्बन डायऑक्साइड. सरकारी वहीत, म्हणजे कॅनडा सरकारच्या उत्सर्जनाच्या अधिकृत हिशेबात, देशाचं एकूण वार्षिक उत्सर्जन मात्र 70 कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतकंच! मोठे वणवे ‘नैसर्गिक’ ठरवून त्यातून वगळले जातात.

तेल, वायू, वाहतूक यांचा कल पाहायला सरकारी वहीच बरी. एका आगीने आलेख उसळत नाही. पण जळलेलं जंगल पुन्हा प्रौढ झालं, की त्याने शोषलेला कार्बन तीच वही जमेला धरते. खर्च निसर्गाचा, जमा आपली! वातावरणात नेमकं किती साठतंय हे पाहायचं असेल, तर मी उपग्रहाचाच आकडा घेईन.