फोन सर्व्हरची आवृत्ती तपासण्यासाठी पुटी : वापरातून आलेले मत

ॲस्टरिस्क या फोन एक्सचेंजचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारा लिनक्स फोन सर्व्हर बहुधा मॉनिटर आणि कीबोर्ड न जोडताच एखाद्या रॅकमध्ये ठेवलेला असतो, त्यामुळे त्यावर कोणती आवृत्ती चालू आहे एवढेच पाहायचे असले तरी दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे कमांड चालवण्याच्या पद्धतीने, आत शिरावे लागते. विंडोजवरून हे काम करण्यासाठी मी बरीच वर्षे पुटी हा छोटासा प्रोग्रॅम वापरत आलो आहे. सायमन टॅटम यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम १९९९ पासून विनामूल्य मिळतो आणि त्याच्या खिडकीचे रूपही साधारण त्याच काळातले राहिले आहे.

सर्व्हरचा आयपी पत्ता लिहावा, पोर्ट २२ आधीच भरलेला असतो, ‘ओपन’ दाबावे. पहिल्या वेळी सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीचा ठसा (फिंगरप्रिंट) दाखवून पुटी विचारणा करते. तो ठसा सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून पडताळूनच होकार द्यावा. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ताराही उमटत नाही, त्यामुळे नवखा माणूस कीबोर्ड बिघडला असे समजतो, परंतु हे वागणे लिनक्सच्या पद्धतीला धरूनच आहे.

पुटीची खरी परीक्षा आत गेल्यावर होते, कारण आवृत्ती पाहणे दिसते तितके सरळ नाही. ‘ॲस्टरिस्क’ या कमांडपुढे हायफन आणि मोठा व्ही दिला की डिस्कवर बसवलेल्या प्रोग्रॅमची आवृत्ती कळते. हायफन आणि छोटा आर दिला की चालू असलेल्या ॲस्टरिस्कचा कन्सोल, म्हणजे त्याला कमांड देण्याची जागा, उघडतो आणि तेथे ‘कोअर शो व्हर्जन’ लिहिल्यावर प्रत्यक्ष कॉल हाताळणाऱ्या प्रक्रियेची आवृत्ती मिळते. नवे पॅकेज बसवून ॲस्टरिस्क पुन्हा सुरू करायचे राहिले असेल, तर ही दोन उत्तरे वेगळी येतात. कन्सोल उघडताना वरच्या ओळीत एक आकडा आणि ‘कनेक्टेड टू’ या ओळीत दुसरा आकडा दिसला, तर हेच घडले आहे असे समजावे. ॲस्टरिस्कच्या आवृत्ती २१ पासून चॅन-सिप हे इंटरनेट फोन जोडणारे जुने मॉड्यूल काढून टाकलेले आहे, त्यामुळे अजून त्यावर अवलंबून असलेल्या सर्व्हरच्या बाबतीत हा तपास केवळ औपचारिक राहत नाही. या कामात पुटीचे लॉगिंग फार उपयोगी पडते : जोडणीआधीच लॉगिंगचा प्रकार निवडून फाइलचे नाव दिले की पडद्यावर आलेला सगळा मजकूर त्यात साठतो आणि आकडे हाताने उतरवून घेण्याची वेळ येत नाही.

दोष आहेत, आणि त्यांतला एक मला महागात पडता पडता राहिला. पुटीमध्ये मजकूर माउसने निवडला की तो लगेच कॉपी होतो आणि उजवी क्लिक केली की मेन्यू न येता तो मजकूर थेट पेस्ट होतो. मी आवृत्तीच्या दोन ओळी निवडून सवयीने उजवी क्लिक केली आणि पहिली ओळ चालू कन्सोलमध्ये कमांड म्हणून गेली. अशी कमांड नाही, एवढेच उत्तर आले. त्या जागी ‘कोअर रीस्टार्ट नाऊ’ असते तर चालू असलेले सगळे कॉल तुटले असते. ‘सिलेक्शन’ या विभागात उजव्या क्लिकला मेन्यू येईल अशी सोय आहे, पण ती मुळातच तशी का ठेवलेली नाही हे मला आजवर उमगलेले नाही. शिवाय बदललेली सेटिंग कायम ठेवायची असेल तर ‘सेशन’ या पहिल्या विभागात परत येऊन ‘सेव्ह’ दाबावे लागते. मी ते अजूनही विसरतो.

महिन्यातून एकदाच आत डोकावणाऱ्याला विंडोजमध्ये आता अंगभूत येणारा एसएसएच क्लायंट पुरेसा आहे. अनेक सर्व्हर सांभाळणाऱ्याला मात्र नावानिशी साठवलेली सेशन्स आणि लॉगिंग यांसाठी मी पुटीच सुचवीन. फक्त तिचीही आवृत्ती पाहून घ्यावी : ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांमध्ये पासवर्डऐवजी ओळख पटवण्यासाठी ५२१ बिटांच्या ईसीडीएसए प्रकारच्या की वापरताना खासगी की उघड होऊ शकेल असा दोष २०२४ मध्ये सापडला आणि तो ०.८१ मध्ये दुरुस्त झाला. अशी की वापरलेली असेल तर नुसते अपडेट पुरत नाही, ती की सर्व्हरवरून काढून नवी बसवावी लागते. आपली पुटी कोणती आहे, हे पहिल्याच खिडकीतल्या ‘अबाउट’ या बटणाखाली दिसते.