एनआयआरवरची मूरघास तपासणी: टीडीएनचा आकडा कितपत धरावा?

मक्याच्या मूरघासाची (हवाबंद खड्ड्यात मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची) ऊर्जा काढायला एनआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाश टाकून घटक ओळखणारी तपासणी, फार सोयीची. नमुना वाळवायचा, 1 मिमी चाळणीतून दळायचा, यंत्रात ठेवायचा. मिनिटभरात प्रथिने, स्टार्च आणि एडीएफ, एनडीएफ हे तंतूंचे आकडे हाती येतात. रासायनिक पृथक्करणाला याच कामासाठी काही दिवस जातात.

मात्र अहवालातला टीडीएन, म्हणजे चाऱ्यातली एकूण पचनीय पोषकद्रव्यं, यंत्राने मोजलेला नसतो, सूत्राने काढलेला असतो. थेट ऊर्जा मोजणारा बॉम्ब कॅलरीमीटर इथे उपयोगाचा नाही. त्यात जाळल्यावर कडब्याच्या शुष्क पदार्थातूनही (पाणी काढून उरणाऱ्या भागातूनही) किलोला साधारण 18 मेगाज्यूल निघतात आणि मक्याच्या दाण्यातूनही जवळपास तेवढेच. गाईला त्यातलं पचतं किती, हे त्यातून कळत नाही. म्हणून सूत्र चालतं, पण कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचे आकडे आधी रासायनिक तपासणीशी जुळवून घेणं, त्याच पिकाचं हवं. मक्याच्या कॅलिब्रेशनवर नेपियर गवत किंवा उसाचं वाढं ठेवलं तरी यंत्र आकडा छापतंच, आणि तो चुकीचा असू शकतो. मिश्र वैरण असेल तर रासायनिक तपासणीच करा.

अहवाल आला की आधी शुष्क पदार्थ बघा. गाईला 20 किलो मूरघास घातला आणि शुष्क पदार्थ 30 टक्के असेल तर पोटात 6 किलो जातो; 25 टक्के असेल तर 5 किलोच. टीडीएन 65 टक्के धरला तरी 650 ग्रॅमची तूट आली. 4 टक्के फॅटच्या लिटरभर दुधाला सुमारे 320 ग्रॅम टीडीएन लागतो, म्हणजे तब्बल दोन लिटर दूध! त्यापुढे टीडीएन 68 आला की 65, हा फरक अर्ध्या लिटरचा.

राखही (नमुना जाळल्यावर उरणारा खनिजांचा भाग) बघा. 8 टक्क्यांच्या वर गेली तर माती मिसळल्याचा संशय घ्या. कापणी फार बुडातून झाली असेल किंवा ट्रॅक्टरच्या चाकाबरोबर खड्ड्यात माती आली असेल. नुसत्या एडीएफवरून काढलेल्या टीडीएनमध्ये ही माती नीट दिसत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती नमुना घेताना. मुठीने उपसला की दाण्यांचा चुरा बोटांतून गळतो, पिशवीत पानं आणि धांडे उरतात, स्टार्च कमी लागतो. खड्ड्याचा ताजा कापलेला ढीग घ्या, 10-12 जागचा माल ताडपत्रीवर कालवा, चार वाटे करून समोरासमोरचे दोन ठेवा. किलोभर उरेपर्यंत हेच करा. पिशवीतली हवा दाबून काढा आणि सोमवारी पाठवा. शुक्रवारी पाठवलेला नमुना कुरियरमध्ये दोन दिवस तापतो.