गाडीतला नकाशा की फोनमधला?

लांब बोगद्यात शिरलात की फरक कळतो. उपग्रहाचा सिग्नल तुटला की फोन बराचसा अंदाजावर चालतो. गाडीतली चांगली यंत्रणा मात्र चाकांचा वेग आणि जायरोस्कोप (गाडी किती वळली ते ओळखणारा सेन्सर) यांवरून आपण कुठवर आलो याचा हिशेब मांडत राहते. नकाशा तिच्याच मेमरीत असेल तर नेटवर्कवाचूनही अडत नाही. (फोनवरही नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, पण निघायच्या घाईत ते आठवतं कुणाला!)

बाकी बहुतेक बाबतींत फोन सरस. पुढची कोंडी त्याला कळते, कारण त्याच रस्त्यावरच्या इतर फोनांचा मंदावलेला वेग सर्व्हरपर्यंत पोहोचत असतो. जुन्या गाड्यांत नकाशा अद्ययावत करायचा तर पेनड्राइव्ह शोधा नाहीतर सर्व्हिस सेंटर गाठा, वर अनेकदा पैसेही मोजा. त्या पडद्यावर पत्ता टाइप करणं म्हणजे तर शिक्षाच.

फोन उन्हात तापतो, बॅटरी खातो, ऐन वळणावर कॉल येतो. पण २०१४ मध्ये ॲपल कारप्ले आणि २०१५ मध्ये अँड्रॉइड ऑटो आल्यापासून फोनचाच नकाशा गाडीच्या पडद्यावर दिसू लागला. त्यामुळे नुसत्या नेव्हिगेशनसाठी महागडं मॉडेल घेणं मला पटत नाही. नेटवर्क नसलेल्या डोंगराळ भागात सतत फिरणाऱ्यांची गोष्ट वेगळी.